सेटअप स्क्रिप्टच्या कामाच्या नोंदी

सोमवार, ३ मार्च

सेटअपचं डॉक्युमेंट, म्हणजे नवीन लॅपटॉपवर आमचं ॲप कसं उभं करायचं ते सांगणारं, आज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बहुतेक पहिल्यांदाच. १९ पानं. सहाव्या पायरीत जे पॅकेज टाकायला सांगितलंय ते आपण कधीच काढून टाकलंय, अकराव्या पायरीत नुसतं "मग नेहमीसारखं कॉन्फिग करा" एवढंच आहे, आणि नेहमीसारखं म्हणजे कसं हे जिला माहीत होतं ती टीम सोडून गेली त्याला वर्ष होत आलं. मागचा नवीन मुलगा आला तेव्हा ॲप लोकलला (स्वतःच्या लॅपटॉपवर) उभं करायला त्याला अडीच दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस माझाही गेला, कारण तो दर अर्ध्या तासाने एररचा स्क्रीनशॉट पाठवायचा आणि मी "हे करून बघ, नाहीतर ते करून बघ" म्हणायचो.

२४ तारखेला पुढची नवीन मुलगी जॉइन होतेय. तोपर्यंत एक स्क्रिप्ट पाहिजे. रेपो (कोडचा सामायिक साठा) क्लोन करायचा, म्हणजे आपल्याकडे कॉपी करायचा, एक कमांड मारायची, ॲप चालू.

लागणाऱ्या गोष्टी: पायथन, नोड २०, पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (हाही डेटा ठेवणारा सर्व्हर), दोन-तीन सिस्टिम लायब्ररी, होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या अ‍ॅड्रेसला जातं त्याची यादी) दोन ओळी, एन्व्ह फाइल (सेटिंग्ज आणि कीज), मायग्रेशन (डेटाबेसची टेबलं बनवणं), नमुना डेटा. टीमचे लॅपटॉप: तीन उबंटू २२.०४, एक उबंटू २४.०४, दोन मॅक (एक इंटेल, एक एम१), आणि एक विंडोज, ज्यावर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) आहे.

अँसिबलचा (मशीन आपोआप सेट करायचं टूल) विचार करून झाला. टूल चांगलंच आहे, पण सात लॅपटॉपसाठी प्रत्येकाला आधी अँसिबल इन्स्टॉल करायला सांगायचं, म्हणजे सेटअपच्या आधी अजून एक सेटअप. साधी बॅश स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या कमांड्सची यादी, करतो.

मंगळवार, ४ मार्च

एका बैठकीत २१० ओळी लिहिल्या. चालवली, पहिल्याच फटक्यात हिरवं. पाच मिनिटं खूश होतो, मग लक्षात आलं की माझ्या मशीनवर सगळं आधीच टाकलेलं आहे, स्क्रिप्टने काहीच केलेलं नाही, नुसती मान डोलावलीय.

कोरं मशीन पाहिजे. व्हेगरंट आणि व्हर्च्युअलबॉक्स काढलं, लॅपटॉपच्या आत आभासी मशीन (व्हीएम) उभं करायला. आता डॉकरच्या जमान्यात व्हेगरंट म्हणजे जुनं वाटतं खरं (२०१० सालचं आहे ते), पण मला कंटेनर (डॉकरची हलकी, बंदिस्त पेटी) नकोय, मला खराखुरा लॅपटॉप असल्यासारखं काहीतरी पाहिजे ज्यात सिस्टिमडी (सर्व्हिसेस चालवणारा) आहे, सुडो (ॲडमिनचे हक्क तात्पुरते देणारी कमांड) आहे, साधा युजर आहे. डॉकरच्या उबंटू इमेजमध्ये तुम्ही थेट रूट (ॲडमिन) असता, आणि सुडो तर त्यात नसतोच, त्यामुळे निम्म्या चुका तिथे दिसणारच नाहीत.

त्यात एक तास असाच वाया. स्क्रिप्ट बदलायचो, मशीन बंद-चालू करायचो, आणि बदल दिसायचाच नाही. व्हेगरंट प्रोव्हिजनिंग (आत स्क्रिप्ट चालवणं) फक्त पहिल्या अप ला (मशीन उभं करायच्या कमांडला) करतं, नंतर वेगळी प्रोव्हिजन कमांड द्यावी लागते. हे मला माहीत होतं. माहीत असून तास गेला. आता सरळ दरवेळी डिस्ट्रॉय करून नव्याने उभं करतोय, हळू आहे पण खोटं बोलत नाही.

गुरुवार, ६ मार्च

कोऱ्या मशीनवर स्क्रिप्ट अडकली. अडकली म्हणजे एरर नाही, नुसती शांत. वीस मिनिटांनी कळलं की एपीटी (उबंटूचं पॅकेज टाकणारं टूल) टाइमझोन विचारत बसलंय आणि उत्तर द्यायला समोर कोणीच नाही.

यावरचा उपाय सगळ्यांना पाठ असतो, डेबियन फ्रंटएंड हा व्हेरिएबल नॉनइंटरॅक्टिव्ह करायचा. केला, स्क्रिप्टच्या वरतीच एक्सपोर्ट केला. तरीही विचारतंय! मग डोकं खाजवत बसलो आणि कळलं की सुडो बाहेरचे बहुतेक व्हेरिएबल आत नेतच नाही, साफ करून टाकतो, म्हणजे मी एक्सपोर्ट केलेलं एपीटीपर्यंत पोचतच नव्हतं. व्हेरिएबल सुडोच्या नंतर, त्याच ओळीत लिहायचा. लिहिला. टाइमझोन गेला.

मग नीडरीस्टार्ट. लायब्ररी अपडेट झाल्यावर कुठल्या सर्व्हिसेस रीस्टार्ट करू म्हणून जांभळा पडदा येतो तो. त्यालाही त्याच ओळीत मोड देऊन गप्प केलं.

मग लॉक. नवीन मशीन बूट झालं की मागे ऑटोमॅटिक अपडेट सुरू असतात आणि त्यांनी डीपीकेजीचं (एपीटीच्या खालचं पॅकेज टूल) कुलूप धरलेलं असतं, आपली स्क्रिप्ट गेली की आपटते. इंटरनेटवर लोक सांगतात लॉकची फाइल डिलीट करा. अजिबात करू नका, कुलूप कोणीतरी आतून लावलंय म्हणजे आत काम चालू आहे. एपीटीला लॉकसाठी थांबायचा ऑप्शन आहे, ३०० सेकंद दिले, गुपचूप थांबतं आणि पुढे जातं.

शुक्रवार, ७ मार्च

दुसऱ्यांदा चालवून बघायचा दिवस. म्हटलं नेट गेलं, लॅपटॉप झोपला, काहीही होतं, माणूस परत तीच कमांड मारणार, तेव्हा काय होतं ते बघू.

काय झालं ते बघा. बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं ती फाइल) पाथची (कमांड कुठे शोधायच्या त्याची) ओळ दोनदा. तिसऱ्यांदा चालवली, तीनदा. होस्ट्समध्ये पण तेच. एका फोल्डरकडे जाणारी सिमलिंक (शॉर्टकट) होती, दुसऱ्या रनला लिंक बदलायच्या ऐवजी त्या फोल्डरच्या आत जाऊन तिथे अजून एक लिंक तयार झाली, कारण एलएनला (लिंक बनवायच्या कमांडला) लिंक दिसली नाही, फोल्डर दिसला. एफ आणि एन दोन्ही फ्लॅग लागतात तिथे.

ओळ टाकायच्या आधी ती आहे का हे ग्रेपने (फाइलमध्ये शोधायची कमांड) बघायचं, हा नेहमीचा उपाय. पण साध्या ग्रेपने अर्धवट मॅच होतं, आणि ओळीतले डॉट म्हणजे कुठलंही अक्षर असं धरलं जातं, म्हणून पूर्ण ओळ आणि जशीच्या तशी, असे दोन्ही फ्लॅग द्यायचे. होस्ट्सला लिहिताना अजून एक जुनी चूक परत केली: सुडो एको (छापायची कमांड) करून बाण (आउटपुट फाइलमध्ये पाठवायचं चिन्ह) लावला आणि परमिशन डिनाइड. बाण आपलं शेल उघडतं, सुडो नाही, आणि आपल्या शेलला तिथे लिहायचा हक्क नाही. एकोचं आउटपुट सुडोने चालवलेल्या टी या कमांडकडे पाइप करायचं. ही चूक मी दरवर्षी एकदा करतो.

सोमवार, १० मार्च

आजचा बग भारी होता, नीट लिहून ठेवतो.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत सेट ई, यू आणि पाइपफेल आहेत, म्हणजे काही फसलं की तिथेच थांब. प्रत्येक पायरीचं एक फंक्शन केलंय आणि खाली हौसेने असं लिहिलं होतं की पायरी चालव, नाही जमलं तर "ही पायरी फसली" असं लाल अक्षरात दाखव आणि बाहेर पड. त्यासाठी दोन उभ्या रेघा, म्हणजे ऑर, वापरलं. दिसायला छान.

आज नोड डाउनलोड करताना नेट तुटलं. कर्ल (डाउनलोडची कमांड) फसला. स्क्रिप्ट थांबायला पाहिजे होती. ती आरामात पुढे गेली, अर्धी फाइल उघडायचा प्रयत्न केला, तोही फसला, आणि शेवटी "नोड तयार आहे" असं छापून पुढच्या पायरीला लागली.

कारण असं की ज्या फंक्शनचा निकाल आपण इफ मध्ये किंवा ऑर च्या डावीकडे तपासतो, त्याच्या आत सेट ई बंदच असतो. पूर्ण फंक्शनभर, अगदी आतल्या आतल्या फंक्शनपर्यंत. बॅशचं म्हणणं असं की तू स्वतःच निकाल बघणार आहेस ना, मग मी कशाला मध्ये पडू. आणि फंक्शनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, माझी शेवटची कमांड होती एको, एको कशाला फसेल. म्हणजे एरर छान दाखवायला जे लिहिलं त्यानेच एरर गिळली.

ऑर काढलं. आता ट्रॅप लावलाय, एररला कुठल्या ओळीवर काय फसलं ते छापतो, फंक्शनच्या आतही चालावा म्हणून सेट मध्ये मोठा ई पण दिला. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) पण आज पहिल्यांदा चालवला, त्याने २३ वॉर्निंग काढल्या, त्यातल्या तीन खऱ्याखुऱ्या बग होत्या. एक तर अशी की लोकल व्हेरिएबल जाहीर करता करता त्याच ओळीत कमांडचं आउटपुट भरलं की कमांड फसली तरी कळत नाही, कारण लोकल स्वतः यशस्वी होतो. दोन ओळी करायच्या.

बॅश ही भाषा आहे की सापळा, असा प्रश्न पडतो कधी कधी. असो.

बुधवार, १२ मार्च

टीममधल्या दोघांना ट्राय करायला दिली. दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या.

पहिल्याने पूर्ण स्क्रिप्टच सुडोने चालवली. चूक त्याची नाही, मध्ये एकदा पासवर्ड मागते तर त्याने आधीच सुडो लावला. त्यामुळे नोड मॉड्यूल्स, व्हेन्व्ह (पायथन पॅकेजचा प्रोजेक्टपुरता फोल्डर), एनपीएमचा (नोडचं पॅकेज टूल) कॅश, सगळं रूटच्या मालकीचं झालं आणि नंतर त्याला स्वतःच्याच फोल्डरमध्ये काही डिलीट करता येईना. आता स्क्रिप्ट सुरुवातीलाच युजर आयडी बघते, शून्य असेल तर "सुडोशिवाय चालवा" म्हणून बाहेर पडते.

दुसरीकडचं जास्त लागलं. स्क्रिप्ट नमुन्याची एन्व्ह फाइल कॉपी करते. तिच्याकडे आधीच एन्व्ह होती, त्यात टेस्ट अकाउंटच्या कीज, तिने महिनाभरात जमवलेल्या. एका कॉपीत सगळं गेलं. गिटमध्ये नाही, कारण एन्व्ह गिटमध्ये टाकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

ती म्हणाली, "अरे, तुझी स्क्रिप्ट माझ्या घरात येऊन फर्निचर हलवते." मी सॉरी म्हटलं, तिच्यासोबत बसून कीज परत काढल्या, तीन तास. ते फर्निचरचं वाक्य डोक्यात राहिलंय.

बदल: फाइल असेल तर हात लावायचा नाही, नमुन्यात नवीन की आली असेल तर फक्त नावं सांगायची, भरायची माणसाने.

गुरुवार, १३ मार्च

मॅक. पहिल्याच मिनिटाला मेली, डिक्लेअरच्या ओळीवर, मोठा ए आणि छोटा ए दोन्ही करून बघितले. ॲपल अजूनही बॅश ३.२ देतं, २००७ च्या आसपासचं, त्यानंतरच्या व्हर्जनचं लायसन्स जीपीएल ३ झालं म्हणून तिथेच थांबलेत. नावाने शोधायचे असोसिएटिव्ह अ‍ॅरे बॅश ४ मध्ये आले. माझ्याकडे पॅकेजच्या नावांचा एक अ‍ॅरे होता, काढून टाकला, साधी केस लिहिली, उलट जास्त वाचनीय झालं.

सेडचा (फाइलमधला मजकूर बदलायची कमांड) आय फ्लॅग मॅकवर पुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन मागतो, लिनक्सवर मागत नाही. मी सेडने फाइल बदलणंच बंद केलं. होमब्रू (मॅकवरचं पॅकेज टूल) इंटेलवर यूएसआर लोकल मध्ये असतं आणि एम१ वर ऑप्ट होमब्रू मध्ये, तो पाथ हाताने लिहिलेला होता, आता ब्रूलाच विचारतो. यूनेमला (मशीनची माहिती देणारी कमांड) आर्किटेक्चर विचारलं तर मॅक म्हणतं आर्म६४ आणि तसलाच प्रोसेसर असलेलं लिनक्स म्हणतं ए-आर्क६४, चिप एकाच जातीची, नावं दोन.

शुक्रवार, १४ मार्च

विंडोज. "बॅश नावाची फाइल सापडत नाही" अशी एरर, बॅश तर समोर आहे. लाइन एंडिंग, म्हणजे ओळ संपल्याची खूण. गिटने क्लोन करताना विंडोजच्या पद्धतीच्या केल्या आणि बॅशच्या नावाला न दिसणारं एक अक्षर चिकटलं. गिट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक ओळ, सगळ्या शेल फाइल नेहमी एलएफ (लिनक्सची खूण). विंडोजवाल्याचा रेपो सी ड्राइव्हवर होता, डब्ल्यूएसएलमधून तिथे जाणं फार स्लो, लिनक्सच्या होममध्ये हलवायला सांगितला आणि एनपीएमचा वेळ डोळ्यादेखत उतरला.

सोमवार, १७ मार्च

२४.०४ वाल्या लॅपटॉपवर पिपने (पायथनचं पॅकेज टूल) नकार दिला, म्हणे हे पायथन बाहेरून मॅनेज होतं. सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये म्हणून ही अडवणूक आता उबंटू-डेबियनमध्ये मुद्दाम आहे. वळसा घालायला फ्लॅग आहे, पण त्याचं नावच "सिस्टिम पॅकेजेस मोडा" अशा अर्थाचं ठेवलंय. तरी माझा हात गेला होता तिकडे. माझ्या स्क्रिप्टमध्ये एक लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) ग्लोबल टाकत होतो, कशासाठी? आपल्या एका प्रोजेक्टसाठी. म्हणजे परत फर्निचर. काढला, रेपोतल्या व्हेन्व्हमध्ये टाकला.

आणि दुपारी इंटेल मॅकवाला म्हणाला, "मायग्रेशन म्हणतंय पोस्टग्रेस नावाचा रोलच नाही." आमचा पोस्टग्रेसचा कंटेनर चालू, लॉग स्वच्छ, आत शिरून बघितलं तर रोल (डेटाबेसचा युजर) आहे. दीड तास! त्याच्या मशीनवर होमब्रूचं स्वतःचं पोस्टग्रेस ५४३२ पोर्टवर चालू होतं, दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी. ते फक्त १२७.०.०.१ (स्वतःचंच मशीन) वर ऐकत होतं, आमचा कंटेनर सगळ्या अ‍ॅड्रेसवर, दोघांनाही पोर्ट मिळालं, कोणीच तक्रार केली नाही, आणि लोकलहोस्टला जाणारं कनेक्शन त्याच्या डेटाबेसला जाऊन धडकत होतं. होमब्रूच्या पोस्टग्रेसमध्ये मुख्य रोल युजरच्या लॉगिन नावाने असतो, म्हणून ती एरर. एररच आली हे नशीब म्हणायचं, रोल सापडला असता तर आमची मायग्रेशन त्याच्या डेटाबेसमध्ये गेली असती.

मग स्क्रिप्ट पूर्ण वाचली, एका नजरेने: ही ओळ रेपोच्या बाहेर कुठे हात लावते? प्रिंट काढून लाल पेनने गोल केले. १४ गोल निघाले.

- पोस्टग्रेस आणि रेडिस: वेगळं पोर्ट, ५५४३२ आणि ५६३७९, फक्त १२७.०.०.१ वर
- नोड: सिस्टिममध्ये नको, व्हर्जन फाइल रेपोत, नोड रेपोतल्याच एका इग्नोर केलेल्या फोल्डरमध्ये, डाउनलोड झाल्यावर चेकसम तपासून
- होस्ट्स फाइल: नकोच, लोकलहोस्टने संपणारी नावं क्रोम आणि फायरफॉक्स आपलं आपण लोकलवर नेतात, आपली दोन नावं तशी केली
- गिटची ग्लोबल कॉन्फिग (ही मी का बदलत होतो देव जाणे): नको, रेपोपुरती

दिवसअखेर गोल उरले चार. ओळी ३०० च्या वर गेल्या होत्या, त्या २३० वर आल्या.

बुधवार, १९ मार्च

पाच वेळा चालवलं की एकदा मायग्रेशन फसतं. असे बग मला सगळ्यात नावडते.

कंटेनर सुरू झाला म्हणजे डेटाबेस तयार झाला असं नाही, हे तर करून ठेवलंच होतं, पीजी इज रेडी ने विचारून मग पुढे. पण पोस्टग्रेसची इमेज पहिल्यांदा सुरू होताना आत एक तात्पुरता सर्व्हर चालवते, त्यात युजर आणि डेटाबेस बनवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर सुरू करते. माझा चेक कंटेनरच्या आतून सॉकेटवर (मशीनच्या आतली वाट) विचारत होता, तात्पुरता सर्व्हर सॉकेटवर "हो, तयार" म्हणायचा, आणि मायग्रेशन निघेपर्यंत तो गेलेला असायचा. तात्पुरता सर्व्हर टीसीपीवर (नेटवर्कची वाट) ऐकत नाही, म्हणून चेकमध्ये होस्ट १२७.०.०.१ दिला. चाळीस वेळा लूपमध्ये चालवलं, चाळीसही पास.

त्याच इमेजची दुसरी गंमत: एन्व्हमधला पासवर्ड बदलला तरी जुनाच चालत राहतो. तो पासवर्ड फक्त डेटाचा फोल्डर रिकामा असताना वाचला जातो. व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटाचा साठा) उडवलं की नवीन लागू. ते उडवायची वेगळी कमांड केली आणि ती आधी विचारते, हो असं टाइप केल्याशिवाय उडवत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

एनपीएम इन्स्टॉलच्या जागी एनपीएम सीआय, लॉक फाइलप्रमाणेच (पॅकेजची नक्की व्हर्जन लिहिलेली फाइल) टाकतं आणि जुळत नसेल तर थांबतं. कोऱ्या व्हीएमवर ११ मिनिटं, दुसऱ्यांदा चालवलं तर ९ सेकंद... सीआय दरवेळी नोड मॉड्यूल्स उडवून नव्याने टाकतं म्हणून आधी जास्त वेळ जात होता, आता लॉक फाइलचा हॅश (मजकुराचा ठसा) लिहून ठेवतो आणि बदलला असेल तरच चालवतो. जुन्या डॉक्युमेंटच्या वर "हे वाचू नका" लिहिलं.

सोमवार, २४ मार्च

नवीन मुलगी आली, सकाळी लॅपटॉप मिळाला, उबंटू २४.०४. मी मुद्दाम शेजारी बसलो नाही. बारा-तेरा मिनिटांत मेसेज: "ॲप दिसतंय, पण डेव्ह कमांड सापडत नाहीये."

गेलो बघायला (डेव्ह म्हणजे रेपोतल्या बिन फोल्डरमधली आमची कमांड). ती मुलगी फिश शेल (बॅशऐवजीचं दुसरं शेल) वापरते. पहिल्याच तासात तिने ते टाकून घेतलं होतं, आणि माझी पाथची ओळ बॅशआरसीत, जी फिश कधी वाचतच नाही. मी तिला म्हणणार होतो की बॅश उघड, तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं फिशसाठी वेगळी ओळ टाकू, झेडशेलसाठी तर आधीच आहे, मग कोणी अजून काही वापरत असेल तर त्याची. आणि तेवढ्यात ती म्हणाली, "पण पाथ कशाला पाहिजे, रेपोतूनच चालवते की." बिन फोल्डरमधली फाइल थेट चालवली. चाललं.

चार गोलातला एक तो होता. बॅशआरसी, झेडशेल, पाथ, डबल ओळ तपासणारा तो ग्रेप ज्यावर ७ तारखेला अर्धा दिवस घातला होता, सगळं डिलीट. १८१ ओळी.

आधी ज्यांनी स्क्रिप्ट चालवलीय त्यांच्या बॅशआरसीत ती जुनी ओळ अजून आहे. ती स्क्रिप्टने काढायची म्हणजे परत तिथेच हात घालणं आलं, म्हणून सहाही जणांना मेसेज केला की ही ओळ दिसली तर काढून टाका. दोघांनी काढली. एकाने विचारलं, बॅशआरसी म्हणजे कुठे असते ती.